पाठशिवणीचं गाणं: राउंड बसवताना दुसरा गट पहिल्याच्या मांडीवर का जाऊन बसतो?

शेवंती
७ जुलै, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे. डोंबिवलीला आमच्या सोसायटीत बायकांचं भजनी मंडळ आहे, पंधरा जणी, वयं ३८ ते ७२. त्यांच्याच नातवंडांतली बारा मुलं संध्याकाळी माझ्याकडे गायला येतात. मी मध्यमा पूर्ण केलेली, पेटी कामापुरती वाजवते. यंदा गणपतीत दरवर्षीचीच गाणी नकोत म्हणून राउंड बसवायला घेतला. म्हणजे चाल एकच. एक गट सुरू झाला की ठरलेल्या मात्रांनी दुसरा गट तीच चाल पहिल्यापासून धरतो, मग तिसरा, आणि सगळं एकमेकांवर बसून गोड लागतं. निदान लागायला हवं.

सरावाला 'आर यू स्लीपिंग' घेतलं, मूळ फ्रेंच 'फ्रेर झाक'. मुलांना शाळेतून माहीत, बायकांना मुलांमुळे. पट्टी पांढरी चार, ताल केरवा (प़ म्हणजे खालच्या सप्तकातला प, ऽ म्हणजे आधीचा सूर लांबवायचा):

सा रे ग सा । सा रे ग सा
ग म प ऽ । ग म प ऽ
पध पम ग सा । पध पम ग सा
सा प़ सा ऽ । सा प़ सा ऽ

एकेक गट वेगळा गातो तेव्हा सुरेख. एकत्र घेतले की दुसरा गट आठ मात्रांनी शिरतो आणि पुढच्या चार मात्रांत पहिल्याच्या मांडीवर जाऊन बसतो. सगळ्या एकदम 'ग म प'. मग हशा. तिसरा आठवडा आहे. काल निम्म्या जणींनी कानात बोटं घातली, तेव्हा कुठे एकदा शेवटापर्यंत पोचलो, पण ते ऐकायला भयंकर होतं. सूर पक्का, ताल पक्का, मग बिघडतं कुठे?

---

बेसूर_बंडू
७ जुलै, रात्री ९:५८

रुमाल टाकून ठेवतो. आमच्या सोसायटीत आरती गेली कित्येक वर्षं राउंडमध्येच होते. पुढची रांग 'जय देव'ला, मागची अजून कडव्यात, जिन्यातले लोक मागच्या आरतीत. कोणी शिकवलं नाही हो.

---

ठेकेदार
७ जुलै, रात्री १०:१५

ताई, एक प्रश्न. चाल पाठ आहे म्हणजे कशी पाठ आहे? तुम्ही खोलीबाहेर गेलात तरी गट शेवटापर्यंत गातो का? आणि तुम्ही तेव्हा पेटीवर काय वाजवत असता?

---

शेवंती
७ जुलै, रात्री १०:२२

पेटीवर चालच वाजवते की. पहिल्या गटाबरोबर. आणि खोलीबाहेर जाऊन कधी पाहिलं नाही.

---

पेटीवाला
७ जुलै, रात्री १०:३१

तिथेच पाणी मुरतंय. भजनी मंडळातल्या बाईला उभ्या आयुष्यात एक गोष्ट शिकवलेली असते: पेटी म्हणेल ते खरं. दुसऱ्या गटाने स्वतःची ओळ धरली आणि पेटी तिसरंच काही बोलायला लागली, तर त्या पेटीचंच ऐकणार. उद्यापासून फक्त सा-प धरा, दोन बोटं ठेवून. चाल अजिबात वाजवू नका. त्याहून बरं म्हणजे पेटी झाका आणि मोबाइलवर तानपुरा लावा.

माझा धंदा पेटीचा, तरी सांगतो.

---

काळीचार
८ जुलै, सकाळी ७:०५

शाळेत गाणं शिकवायला लागून बावीस वर्षं झाली, पाचवी ते आठवी. राउंड दर वर्षी घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मांडीवर बसण्याचं कारण बायकांच्या गळ्यात नाही, त्यांच्या तालमीत आहे. आपण शिकतो ते गुरूच्या मागे मागे जाऊन. बाईंनी म्हटलं की आपण म्हणायचं. भजनात बुवा उचलतात, आपण झेलतो. कान असा तयार झालेला असतो की शेजारून सूर आला की गळा आपोआप तिकडे वळतो, आणि इतके दिवस त्याबद्दल शाबासकी मिळालेली असते. आता अचानक तुम्ही म्हणता, ऐका पण वळू नका. तीन आठवड्यांत ते होणार नाही. कानात बोटं तर मुळीच घालू देऊ नका. शेजारचा सूर हा आपला तानपुरा आहे असं सांगा. तानपुरा छेडला म्हणून कोणी त्याच्यासारखं टुंग टुंग गात नाही.

त्यात तुम्ही निवडलेली जोडी सगळ्यात निसरडी. पहिली ओळ सा रे ग, तिच्यावर दुसरी ग म प. मात्रेमात्रेला साच्या डोक्यावर ग, रेच्या डोक्यावर म, गच्या डोक्यावर प. एकाच जिन्यावर दोघी दोन पायऱ्यांच्या अंतराने चढताहेत. म्हणून ते गोड लागतं आणि म्हणूनच पाय घसरतो. सुरुवात या जोडीने करू नका.

मी अशी करते. आधी शेवटची ओळ, सा प़ सा ऽ, ही एका गटाला देते आणि तीच दहा-बारा वेळा म्हणत राहायला सांगते. त्यांच्यावर मी एकटी अख्खी चाल गाते. मुलं एकदा तरी माझ्या मागे येतात, हसतात, परत जागेवर जातात. दुसऱ्या दिवशी उलट: माझी ओळ शेवटची आणि चाल त्यांची. मग दोन गट, एकाला फक्त सा प़ सा, दुसऱ्याला चाल. हे डोळे मिटून जमायला लागलं की मग खरा राउंड, तोही दोनच गटांचा. तिसरा आणि चौथा गट पुढच्या आठवड्यात. इतकं करूनही चौथा गट शिरताना पहिल्यांदा गोंधळ होतोच.

आणखी एक. उभं राहण्याची जागा. गट समोरासमोर उभे केलेत तर समोरचीचे ओठ बघून बाई चुकते. पाठीला पाठ लावून उभं करा. नंतर सवय झाली की गोल करून फिरवा.

---

अर्धीमात्रा
८ जुलै, सकाळी ११:४०

एक मूलभूत शंका. आपल्या संगीतात सुरांचा संबंध एकामागून एक असतो, एकावर एक नाही. मग हे आपल्या भजनी मंडळावर लादायचं कशाला?

---

काळीचार
८ जुलै, दुपारी १२:१०

लादत कोणीच नाही, ताईंनी हौसेने घेतलंय. आणि साच्या तानपुऱ्यावर ग लावताना तुम्ही दोन सूर एकदमच ऐकत असता की.

---

रेडिंगकर
८ जुलै, सायंकाळी ६:३०

(इंग्लंडची वेळ धरू नका.) धागा वाचून राहवलं नाही. मी ज्या गावात राहतो त्या रेडिंगच्या जुन्या ॲबीचे, म्हणजे ख्रिस्ती मठाचे, अवशेष शहराच्या मधोमध आहेत आणि तिथल्या भिंतीवर एक दगडी पाटी आहे, स्वरलिपी कोरलेली. 'सुमर इज इकुमेन इन', म्हणजे उन्हाळा आला, कोकिळा ओरडते आहे, असं काहीसं. १३व्या शतकातला राउंड. त्याचं हस्तलिखित या ॲबीशी जोडलं जातं आणि आता ब्रिटिश लायब्ररीत आहे.

शेवंतीताईंना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. त्या पानावर गाणं कसं म्हणायचं याच्या सूचना लॅटिनमध्ये लिहिल्या आहेत. चार जणांनी म्हणावं, तीनपेक्षा कमी नकोत, अगदीच नाही जमलं तर निदान दोघे. पहिला गाणारा फुलीच्या खुणेपाशी पोचला की दुसऱ्याने सुरू करायचं. ती फुली पानावर काढलेली आहे. आणि या चौघांच्या खाली आणखी दोघे एक छोटी ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहतात. तिचं नाव 'पेस', म्हणजे पाय. काळीचारताईंचा सा प़ सा गट तो हाच. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसांनीही आधी पाय रोवायला दोघे उभे केले होते.

अवांतर: राउंडांचं इंग्लंडमधलं पहिलं छापील पुस्तक १६०९ चं, टॉमस रेव्हन्सक्रॉफ्टने काढलेलं. त्याच वर्षीच्या त्याच्या दुसऱ्या पुस्तकात 'थ्री ब्लाइंड माइस' आहे. आपल्याला वाटतं केजीतलं गाणं.

---

बेसूर_बंडू
८ जुलै, सायंकाळी ६:४४

याला मराठीत शब्द काय? 'चक्रगान' म्हटलं की आकाशवाणीवर सकाळी साडेसहाला लागल्यासारखं वाटतं.

---

अर्धीमात्रा
८ जुलै, सायंकाळी ७:०२

पाठशिवणी. एक पळतो, दुसरा त्याच वाटेने मागे, आणि शिवलं की डाव संपला. तुमच्या बायकांचा डाव दर वेळी चार मात्रांत संपतोय, इतकंच. इटलीत १४व्या शतकात अशाच पाठलागाच्या रचनेला 'काच्चा' म्हणत, म्हणजे शिकार. त्यांनाही पळापळच दिसली होती.

---

शेवंती
८ जुलै, रात्री १०:००

पाठशिवणी! शीर्षक बदलून घेतलं. काळीचारताई, दंडवत. आज पेटी झाकली. सा प़ सा गटाला बसवलं. त्यात आमच्या सगळ्यात थोरल्या आजी आहेत. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी तुणतुणं, होय ना? मग ठीक आहे." आणि खरंच हलल्या नाहीत. चाळीशीतल्या मात्र तीन वेळा घसरल्या.

नवी अडचण: वेग. सुरुवातीला चालण्याचा वेग, तिसऱ्या फेरीला लोकल पकडायचा.

---

ठेकेदार
९ जुलै, सकाळी ८:२०

वेगावर माझा उतारा. आठ दिवस सूर बाजूला ठेवा आणि नुसती पढंत घ्या, म्हणजे तबल्याचे बोल तोंडाने म्हणा. दिल्ली घराण्याचा साधा कायदा, तबल्यावरची एक रचना:

धाधा तिट धाधा तिंना
ताता तिट धाधा धिंना

टाळी देत सगळ्यांनी एकत्र म्हणायचा. पाठ झाला की दुसरा गट चार मात्रांनी आत. गंमत बघा: पहिला गट खालीच्या ओळीवर ('ताता') असतो तेव्हा दुसरा भरीच्या ओळीवर ('धाधा'). मधल्या दोन मात्रा, तिट धाधा, दोघांच्या तंतोतंत जुळतात. कडेच्या दोनच वेगळ्या. त्यामुळे कोणी अर्धी मात्रा जरी पळालं तरी तिटवर लगेच उघडं पडतं. सूर नसल्याने ओढही नाही. मुलांना तर हे गाण्यापेक्षा आवडतं.

टाळी मात्र हातावर नको, मांडीवर द्या. हातावर दिली की आवाज वाढतो आणि आवाजाबरोबर लय.

---

फोंड्याची
९ जुलै, रात्री ९:१०

आमच्याकडे गोव्यात शेजारची मुलं चर्चच्या शाळेत मेस्त्रेंकडे जायची. पोर्तुगीज काळापासूनची पद्धत. आधी सोल्फेज, म्हणजे त्यांचं सारेगम, मग व्हायोलिन. मी घरात नाट्यपदं ऐकत वाढले आणि शेजारी मांडो. मांडो दोन आवाजांत म्हणतात, खालचा आवाज वरच्याच्या बरोबरीने चालतो. लहानपणी मला नेहमी वाटायचं की खालच्या आवाजातल्या मावशींना चाल येत नाही. पुढे एकदा त्यांच्याबरोबर म्हणायला बसले तेव्हा कळलं की न येणारी मीच.

राउंडबद्दल एक सांगते. खालचा आवाज जन्मभर गाणारी माणसं राउंडमध्ये कधी घसरत नाहीत. मंडळात अशी एखादी असेल, आईबरोबर दुसऱ्या आवाजात म्हणायची सवय असलेली, तर तिला दुसऱ्या गटात घाला. पहिल्या गटाला कोणीही चालतं.

---

पेटीवाला
९ जुलै, रात्री ९:३५

+१. सगळे उलट करतात, चांगल्या गाणाऱ्या पहिल्या गटात.

---

शेवंती
१९ जुलै, रात्री ११:१५

प्रगती. दोन गट पक्के झाले, 'फ्रेर झाक' तीन गटांत तीनदा न घसरता. पण गणपतीत स्टेजवर 'आर यू स्लीपिंग' म्हणायचं म्हणजे बाप्पालाच विचारल्यासारखं होईल. म्हणून मुलांसाठी स्वतःच एक केलं. हंसध्वनीत, पांढरी चार, आठ-आठ मात्रांच्या तीन ओळी. हसू नका.

टप टप टप टप । आ ला रे ऽ
सा सा सा सा । रे रे सा ऽ

छ त्री कु ठे । आ हे रे ऽ
ग ग ग ग । प प ग ऽ

प ळा प ळा । घ री रे ऽ
प प सां सां । नि नि सां ऽ

प्रत्येक ओळ संपली की पुढचा गट आत.

---

अर्धीमात्रा
२० जुलै, सकाळी ९:०५

छान आहे. फक्त याला हंसध्वनी म्हणू नका, हंसध्वनीचे स्वर म्हणा. राग म्हणजे चलन, स्वरांची चालायची रीत. इथे छत्री आहे.

---

काळीचार
२० जुलै, सकाळी ९:५०

अर्धीमात्रा, मान्य, पण स्वरांची निवड फार हुशारीची आहे. या पाच स्वरांत सा-ग-प हा एक घट्ट त्रिकूट आणि प-नि-रे हा दुसरा. तीनही ओळी एकावर एक ठेवून बघा: पहिल्या दोन मात्रांवर सा ग प, पाचव्या-सहाव्यावर रे प नि, सातव्यावर सगळे घरी. मध्यमच नसल्याने शुद्ध गंधाराशी त्याची टक्कर व्हायचा प्रश्नच नाही. भूप घेतला असता तरी चाललं असतं, पण तिथे नि नाही, म्हणून पाचव्या मात्रेची ती ओढ मिळाली नसती. आणि 'टप' हा शब्द उत्तम. ट आणि प दोन्ही बंद व्यंजनं, त्यामुळे नवा गट कधी शिरला ते मागच्या रांगेलाही ऐकू येतं.

पट्टी चुकली आहे. पांढरी चारला तार सा (वरचा सां) म्हणजे बायका किंचाळणार. मोह होईल तिसरी ओळ मंद्रात, खालच्या सप्तकात घ्यायचा, प़ प़ सा सा, पण ते करू नका, कारण दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या गवरून थेट मंद्र पवर उडी मुलांना लागत नाही. सांवरून सावर येणं सोपं, स्वराचं नाव तेच. पट्टीच पांढरी एक घ्या. मग सगळं एका सप्तकात, मुलांच्या गळ्याला नेमकं बसेल असं.

---

रेडिंगकर
२० जुलै, दुपारी ४:००

आमच्या इथल्या मराठी मंडळाने लॉकडाउनमध्ये झूमवर राउंड करायचा घाट घातला होता. कोणी करू नये. प्रत्येकाचा आवाज दुसऱ्याकडे किंचित उशिरा पोचतो, मग दुसरा त्याच्यासाठी थांबतो, मग पहिला त्याच्यासाठी. दोन मिनिटांत केरव्याचं विलंबित झालं. शेवटी एकाने गायचं आणि बाकीच्यांनी आपापला माइक बंद करून घरात त्याच्यावर राउंड म्हणायचा, असं केलं. प्रत्येकाला वाटलं आपणच छान गायलो.

---

शेवंती
२ ऑगस्ट, रात्री १०:३०

पांढरी एक. फरक जमीन-अस्मानाचा. आता फक्त संपवायचं कसं ते सांगा. पहिला गट थांबतो, दुसरा चालू, तिसरा एकटाच उरतो आणि उरलेल्या मुलांचा आवाजच जातो.

---

पेटीवाला
२ ऑगस्ट, रात्री १०:४१

दोन रीती. एक तुमची, एकेक करून विझायचं. तिला शेवटचा गट दमदार लागतो. दुसरी, तुम्ही हात वर केला की जो जिथे असेल त्याने आपली ओळ पूर्ण करून शेवटच्या स्वरावर थांबायचं. तुमच्या तीन ओळी सा, ग आणि सांवर संपतात, म्हणजे आपोआप गोड मिळेल. मुलांसाठी दुसरीच घ्या. फक्त हात ओळीच्या मध्यावर वर करा. शेवटच्या मात्रेला केलात तर निम्मी पुढच्या ओळीत गेलेली असतील.

---

शेवंती
गणपतीनंतर, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी ३:२०

झालं एकदाचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. तानपुरा माझ्या मोबाइलवरून मिक्सरला जोडला होता. दुसऱ्या फेरीला नेमका माझ्या जावेचा फोन आला आणि तानपुरा बंद, त्याच्या जागी स्पीकरमधून रिंगटोन. मी घाबरून फोनकडे धावले. हात वर करायला स्टेजवर कोणीच नाही. आणि मंडळी थांबली नाहीत! आजींचा गट 'टप टप', मुलं छत्रीत, बाकीच्या घरी. फोन कापून परत येईपर्यंत दोन फेऱ्या जास्त झाल्या होत्या. हात केला, थांबले. नंतर पेटीवर तपासलं तर अर्धा सूर उतरलो होतो. कोणाला कळलं नसावं. पेटीवाल्यांना कळलं असतं.

पहिल्या रांगेतल्या एका काकांनी नंतर विचारलं, "मुलं मधेच वेगवेगळं म्हणायला लागली, तालीम कमी पडली का?" आजी त्यांना म्हणाल्या, "तुम्ही पुढच्या वर्षी आत या, मग कळेल."

तर आता काका लोकांचा गट आत यायचा म्हणतोय. सहा जण आहेत. त्यांच्यासाठी चौथी ओळ हवी.

---

बेसूर_बंडू
त्याच दिवशी, दुपारी ३:३१

मोबाइल विमान मोडवर टाकायचा असतो ताई. हे एकच मला येतं या धाग्यात.

---

ठेकेदार
त्याच दिवशी, सायंकाळी ५:१२

ही घ्या. खर्जात, पायासारखी. काकांना पांढरी एकचा मंद्र प सहज लागेल.

ढ गा त ढोल । वा जे रे ऽ
सा सा प़ प़ । प़ प़ सा ऽ

बाकी तिघींवर ठेवून पाहिली, बसते. काकांना सगळ्यात आधी सुरू करू द्या आणि हीच ओळ शेवटपर्यंत म्हणत राहू द्या. पाठशिवणीत घेऊ नका.

---

शेवंती
त्याच दिवशी, सायंकाळी ५:४०

म्हणजे काका तुणतुणं. आजींना सांगते, खूश होतील.